मिलिसेकंदांची लढाई

१९८५ साली बाजारात आलेल्या अटारी ५२०एसटी या संगणकाच्या मागच्या बाजूला पाच छिद्रांची दोन गोल सॉकेटे होती. आयबीएमच्या पीसीवर ती नव्हती, ॲपलच्या मॅकिंटॉशवरही नव्हती. बाकी यंत्र साधेच होते: ५१२ किलोबाइट मेमरी, ८ मेगाहर्ट्झचा मोटोरोला प्रोसेसर आणि कृष्णधवल पडद्यासह ८०० डॉलरच्या आतली किंमत. मुलांच्या खेळांसाठी आणि घरच्या हिशेबांसाठी घेतलेल्या या यंत्राला वादकांनी सिंथेसायझरच्या वायरी जोडल्या आणि पुढची दहा वर्षे ते युरोपातल्या स्टुडिओंमध्ये ठाण मांडून बसले. ब्रायटनचा नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, १९९८ साली जगभर गाजलेला आपला अल्बम घरी रचत होता तेव्हाही त्याच्या टेबलावर अटारीच होता.

ती दोन सॉकेटे मिडीची. अमेरिकेतला डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी ही समाईक पद्धत बसवली. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात स्मिथचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्ध्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडले गेले आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यावर उमटले. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. अमुक स्वराची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली, एवढाच निरोप जातो. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने एका स्वराच्या निरोपाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. दहा बोटांनी एकदम दाबलेले दहा स्वर त्यामुळे वायरीतून जाताना सात ते दहा मिलिसेकंदांत पसरतात. बहुतेकांच्या कानांना ते जाणवत नाही, पण वादकांनी तक्रार केलीच. घरच्या ध्वनिमुद्रणाचा पुढचा सगळा इतिहास या असल्या बारीक हिशेबावर चालला. किंमत उतरली, आवाजाचा दर्जा सुधारला, ट्रॅकची संख्या वाढली. वेळेचा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या यंत्राबरोबर नव्याने उभा राहिला.

याचे कारण साधे आहे. घरी एकट्याने गाणे रचणाऱ्याला आधी वाजवलेले ऐकता ऐकता त्यावर नवे वाजवायचे असते. आज तानपुरा आणि ताल, उद्या पेटी, परवा गळा. हे सगळे नंतर एकत्र ऐकताना सम समेवरच पडली पाहिजे.

गिटारवादक लेस पॉल १९४० च्या दशकात हॉलीवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये याच प्रश्नाशी झुंजत होता. तेव्हा त्याच्याकडे टेप नव्हती, ॲसिटेटच्या तबकड्या होत्या. एका तबकडीवर गिटार वाजवून घ्यायची, मग ती लावून तिच्या साथीने दुसरी गिटार वाजवत दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायच्या, मग तिसरी. १९४८ चे त्याचे ‘लव्हर’ असेच थरावर थर चढवून तयार झाले. त्यात ऐकू येणाऱ्या आठही गिटारी त्याच्याच. पुढे गायक बिंग क्रॉस्बीने त्याला ॲम्पेक्स कंपनीचा टेप रेकॉर्डर भेट दिला. लेस पॉलने त्यात एक जास्तीचे हेड बसवून घेतले. टेपवरचा जुना आवाज या हेडवर वाचला जायचा, लगेच पुढे पुसला जायचा आणि नव्या वादनासह पुन्हा लिहिला जायचा. पत्नी मेरी फोर्डचा आवाज याच रीतीने एकावर एक चढवून १९५१ साली ‘हाउ हाय द मून’ तयार झाले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. या पद्धतीत माघार नव्हती. अकराव्या थराला चूक झाली की आधीचे दहा थरही गेले. त्या गॅरेजमध्ये काय एकाग्रतेने वाजवले गेले असेल, याची कल्पना ‘अनडू’चे बटण हाताशी असणाऱ्या आजच्या वादकाला सहज येणार नाही.

पुढे एकाच टेपवर अनेक स्वतंत्र ट्रॅक आले आणि वेळेची अडचण उघडी पडली. टेप रेकॉर्डरमध्ये लिहिणारे हेड वेगळे आणि वाचणारे वेगळे. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने सरकत असेल आणि दोन हेडांमध्ये चार सेंटिमीटर अंतर असेल, तर जुना ट्रॅक वाचणाऱ्या हेडवर ऐकून वाजवलेला नवा ट्रॅक टेपवर एक दशांश सेकंद मागे पडतो. ॲम्पेक्सने १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्यावर तोड काढली. नवा ट्रॅक भरताना जुने ट्रॅक लिहिणाऱ्या हेडवरूनच ऐकायचे. आवाज थोडा मंद यायचा, पण वेळ जुळायची. या सोयीला त्यांनी सेल-सिंक म्हटले. आठ ट्रॅकचे असे पहिले यंत्र १९५७ साली लेस पॉलच्याच घरी पोचले. त्याची किंमत घराच्या किमतीशी स्पर्धा करणारी होती, आणि पुढची वीस वर्षे असे ध्वनिमुद्रण स्टुडिओवाल्यांचीच मक्तेदारी राहिले.

ती १९७९ साली जपानच्या टीॲक कंपनीने मोडली. तिच्या टॅस्कॅम शाखेचा पोर्टास्टुडिओ १४४ साधी कॅसेट वापरायचा, मात्र ती दुप्पट वेगाने फिरवायचा आणि दोन्ही बाजूंचे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरायचा. सोबत छोटा मिक्सर त्याच पेटीत. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घराच्या शयनगृहात अशाच एका यंत्रापुढे बसला. सोबत शुअर कंपनीचे दोन एसएम५७ माइक, गिटार आणि हार्मोनिका. ही गाणी त्याला बँडला ऐकवण्यापुरतीच हवी होती. कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून फिरला. मग मोठ्या स्टुडिओत पूर्ण बँडसह ती पुन्हा करून पाहिली, पण पहिल्या कॅसेटमधला एकटेपणा काही तिथे उतरेना. अखेर त्या वर्षी ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात गेली ती शयनगृहातली कॅसेटच. घरच्या ध्वनिमुद्रणाचा दाखला द्यायचा झाला की तिचे नाव आजही आधी घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. एवढ्या खरखरीतून एवढे माणूसपण ऐकवणाऱ्या तबकड्या फार थोड्या.

संगणकाची गोष्ट इथे येऊन मिळते. अटारीवरचे प्रोग्रॅम मिडीचे निरोप लिहून ठेवायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा पाठवायचे. हॅम्बुर्गमध्ये कार्ल स्टाइनबर्ग आणि मानफ्रेड र्‍यूरुप यांनी १९८४ साली काढलेल्या कंपनीने १९८९ मध्ये अटारीसाठी क्यूबेस आणला. आडव्या काळपट्टीवर डावीकडून उजवीकडे सरकणारे गाणे आणि त्यावर ठोकळ्यांसारखे मांडलेले भाग ही आज प्रत्येक प्रोग्रॅममध्ये दिसणारी मांडणी रुजवण्यात क्यूबेसचा वाटा मोठा. जर्मनीतच सी-लॅबने क्रिएटर आणि नोटेटर काढले, त्यांचाच वारसा पुढे लॉजिक या प्रोग्रॅमकडे गेला. अमेरिकेत ग्रेग हेंडरशॉट यांनी १९८७ मध्ये डॉसवर चालणारा केकवॉक लिहिला. पण या सगळ्यांत गळ्याला जागा नव्हती. सिंथेसायझर संगणकाचे ऐकायचे, गायकाला मात्र टेपपुढेच उभे राहावे लागायचे.

गळा संगणकात शिरायचा तर आवाजाचे आकडे व्हायला हवेत, आणि आकडे फार जागा खातात. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे दर सेकंदाला, दर बाजूला, १६ बिटांची ४४,१०० मोजमापे. एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट. ४४,१०० हा विचित्र आकडाही एका जुन्या जुगाडाची खूण आहे. सुरुवातीचा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवला जायचा. अमेरिकी पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रे, म्हणजे अर्धी चित्रे, प्रत्येकात वापरता येणाऱ्या २४५ रेषा आणि दर रेषेत तीन मोजमापे, गुणाकार ४४,१००. युरोपी पद्धतीत ५० गुणिले २९४ गुणिले तीन, तोही ४४,१००. आज घरी नवा प्रोजेक्ट उघडताना जो आकडा निवडावा लागतो, तो व्हिडिओ टेपच्या रेषा मोजून ठरला होता.

१९९० च्या आसपासच्या घरगुती हार्ड डिस्कमध्ये चार-पाच मिनिटांचे एक गाणे जेमतेम मावले असते. म्हणून पहिली पावले महागडी पडली. कॅलिफोर्नियाच्या डिजिडिझाइन कंपनीने १९९१ मध्ये मॅकसाठी प्रो टूल्स आणले. चार ट्रॅक, सुमारे सहा हजार डॉलर आणि संगणक वेगळा. पुढच्याच वर्षी अलेसिस कंपनीने चार हजार डॉलरच्या आत एडॅट हे आठ ट्रॅकचे डिजिटल यंत्र दिले. त्यात लागायची एस-व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट. घरच्या स्टुडिओवाल्यांनी अर्थात एडॅट उचलले. ॲलानिस मॉरिसेटचे १९९५ चे ‘जॅगेड लिटल पिल’ निर्माता ग्लेन बॅलार्डच्या घरच्या स्टुडिओत एडॅटवरच भरले गेले.

भारतात घरचा स्टुडिओ म्हटले की चेन्नईच्या कोडंबक्कममधला पंचतन रेकॉर्ड इन डोळ्यांपुढे येतो. ए. आर. रहमान यांनी १९८९ मध्ये तो घराच्या आवारातच उभारला, तेव्हा ते जाहिरातींच्या जिंगल्स करत होते. १९९२ च्या ‘रोजा’ने जो वेगळा आवाज देशाला ऐकवला, त्यामागे हे स्वतःचे दालन होते. तासाच्या भाड्याचे घड्याळ डोक्यावर नसल्यामुळे एकाच गाण्याचे थर पुन्हा पुन्हा उलगडून पाहता येत होते. तरीही हा स्टुडिओ घरात असलेल्या व्यावसायिकाचा होता. सामान्य घरातल्या मुलापर्यंत हे सगळे पोचायला आणखी एक स्वस्त वस्तू लागली.

ती सिंगापूरहून आली. सिम वोंग हू यांनी १९८१ मध्ये संगणक दुरुस्तीच्या दुकानापासून सुरू केलेल्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर हे कार्ड काढले. त्यामागचा विचार गेम खेळणाऱ्यांचा होता. ८ बिट, एकच बाजू, आणि ध्वनिमुद्रणाचा वेग सेकंदाला १२,००० मोजमापे, म्हणजे फोनपेक्षा थोडे बरे. १९९२ चा साउंड ब्लास्टर १६ सीडीच्या आकड्यांपर्यंत पोचला आणि पाठोपाठ आलेल्या मल्टिमीडिया पीसीच्या लाटेत साउंड कार्ड ही नेहमीची वस्तू झाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसी जुळवून घेणाऱ्याच्या यादीत प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क यांच्या खाली साउंड कार्डाची ओळ आली. १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान कराराप्रमाणे भारताने संगणक आणि त्याच्या सुट्या भागांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायला सुरुवात केली, तशी ही यादी पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या घरांनाही झेपू लागली.

या कार्डांनी गाणे भरायला बसलेल्याला पहिल्या दिवशी कळायचे की हे काम त्यांचे नव्हे. माइकचे भोक गुलाबी, ३.५ मिलिमीटरचे, संगणकावर बोलण्यापुरते. स्टुडिओचा तीन पिनांचा माइक त्याला थेट लागत नाही. कार्ड पंखा, डिस्क आणि पॉवर सप्लायच्या शेजारी बसलेले, त्यामुळे माऊस हलवला तरी हेडफोनमध्ये बारीक चिरचिर. पहिली कार्डे एका वेळी एकच काम करायची. वाजवा, नाहीतर भरा. जुने ऐकत नवे भरायचे हे लेस पॉलने तबकड्यांवर साधलेले मूळ काम त्यांना जमत नव्हते. १९९८ चे साउंड ब्लास्टर लाइव्ह बरेच पुढचे, पण ते आत सगळा आवाज ४८,००० मोजमापांवर फिरवून घ्यायचे, म्हणून ४४,१०० वर काम करणाऱ्यांचा आवाज वाटेत नकळत बदलायचा. या कार्डाची खरी ताकद बाहेर काढायला काही स्वतंत्र प्रोग्रॅमरांनी केएक्स नावाचा पर्यायी ड्रायव्हरच, म्हणजे कार्ड आणि संगणक यांच्यातला दुवा सांभाळणारा प्रोग्रॅम, लिहिला. हौशी माणसांनी कंपनीच्या मालाला कंपनीपेक्षा जास्त न्याय दिल्याची ही सुंदर मिसाल आहे.

आता तो जुना शत्रू: उशीर. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही. नळाखालची बादली भरली की ती उचलायची आणि रिकामी लावायची, तसे तो मोजमापांचे गठ्ठे उचलतो. या गठ्ठ्याचे नाव बफर. १,०२४ मोजमापांचा बफर ४४,१०० च्या वेगाने भरायला २३ मिलिसेकंद लागतात, २५६ चा सहाहून कमी, ६४ चा दीड. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा हा उशीर दोनदा लागतो. बफर लहान केला की संगणकाची धावपळ वाढते आणि दमछाक झाली की आवाजात टकटक येते. त्यात १९९० च्या दशकातल्या विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एकत्र करणारा स्वतःचा थर होता. तोच ३० मिलिसेकंदांच्या आसपास खात असे. बफर, ड्रायव्हर आणि हा थर मिळून गायकाच्या हेडफोनमध्ये त्याचाच आवाज सहज एक दशांश सेकंदाने मागून येई. सेकंदाला दहा बोल काढणाऱ्या तबलजीच्या दृष्टीने हा एक अख्खा बोल झाला. अशा अवस्थेत वाजवणे केवळ अशक्य.

किती उशीर चालतो? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरला थोडे कमी. बैठकीत गायकापासून तेवढ्या अंतरावर बसलेला साथीदार रोज इतका उशीर पचवतच असतो. पण हेडफोन घातलेल्या गायकाची गोष्ट वेगळी. त्याचा आवाज हाडांतून तत्काळ कानाशी पोचलेला असतो आणि हेडफोनमधला थोडा मागून येतो. दोन्ही मिसळून आवाज पोकळ लागतो, सूर धरणे अवघड होते. म्हणून वादक जे सहन करतो ते गायकाला सहन होत नाही.

स्टाइनबर्गने १९९६ मध्ये मॅकवर क्यूबेस व्हीएसटी आणला. त्यात प्रतिध्वनी, कोरस असे परिणाम वेगळ्या यंत्राशिवाय, संगणकाच्या प्रोसेसरवरच मिळू लागले, आणि असे परिणाम लिहिण्याची रीत कंपनीने इतरांनाही खुली करून दिली. पुढच्या वर्षी विंडोजची आवृत्ती आली, तिच्यासोबत एएसआयओ. ही ड्रायव्हरची पद्धत विंडोजच्या त्या सरमिसळ करणाऱ्या थराला वळसा घालून प्रोग्रॅम आणि कार्ड यांना थेट भिडवायची. घरच्या ध्वनिमुद्रणात १९९७ इतके महत्त्वाचे वर्ष दुसरे नाही. माइक तोच, कार्ड जवळपास तेच, पण उशीर हेडफोनमध्ये सुसह्य होईल इतका खाली आला. १९९९ मध्ये व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीने मिडीचे निरोप ऐकणारी वाद्येही संगणकाच्या आत आणली. अटारीच्या काळात वायरीने बाहेर जाणारा निरोप आता आतल्या आतच पोचू लागला. सिंथेसायझर, ड्रम मशीन, पियानो हे सगळे सीडीवर मिळू लागले, आणि खरे सांगायचे तर आपल्याकडे बहुतेकांच्या हाती पडल्या त्या कॉपी केलेल्या सीडीच.

त्याच १९९९ मध्ये रिकी मार्टिनचे ‘लिव्हिन ला व्हिडा लोका’ हे पूर्णपणे प्रो टूल्सवर भरलेले, कापलेले आणि मिक्स केलेले गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. टेपवाल्यांचा शेवटचा आक्षेपही त्याने गळून पडला. डिजिडिझाइनने हजार डॉलरच्या आत डिजी ००१ हा घरगुती संच काढला आणि २००२ मध्ये यूएसबीचा एमबॉक्स. डेस्कटॉप उघडून कार्ड बसवण्याचे दिवस इथून संपत गेले. इंटरफेस ही एक छोटी पेटी पंखा-डिस्कच्या गोंगाटातून बाहेर येऊन टेबलावर बसली आणि लॅपटॉपला लागू लागली.

सॉफ्टवेअरच्या बाजूला तर पूर आला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी सुरू केलेली ऑडॅसिटी मे २००० मध्ये मोफत उपलब्ध झाली. पहिल्यांदा आवाज कापायला शिकलेल्या कित्येकांची ती पहिली पाटी. मात्र विंडोजसाठी मिळणाऱ्या तयार ऑडॅसिटीत परवान्यांच्या अटी जुळत नसल्याने एएसआयओ देता आले नाही, म्हणून एकावर एक ट्रॅक भरू लागलेला माणूस लवकरच दुसरीकडे वळायचा. लिनक्सवर पॉल डेव्हिस यांनी आर्डोर आणि उशीर आटोक्यात ठेवणारा जॅक लिहिला. ॲपलने २००२ मध्ये लॉजिकची कंपनी विकत घेतली, विंडोजची आवृत्ती बंद केली आणि जानेवारी २००४ मध्ये गॅरेजबँड आणले. तीन वर्षांनी रिहानाच्या ‘अम्ब्रेला’त जो ड्रम वाजला, तो याच गॅरेजबँडमध्ये सगळ्यांना मिळणारा तयार लूप होता. विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनी २००० च्या दशकाच्या मध्यावर रीपर काढला. काही मेगाबाइटचा, जुन्या संगणकावरही पळणारा आणि स्वस्त. ऐपत बेताची आणि काम गंभीर असणाऱ्यांसाठी याहून प्रामाणिक सौदा या क्षेत्रात झालेला नाही.

बेल्जियममध्ये १९९७ च्या अखेरीस आलेल्या फ्रूटीलूप्सची वाट वेगळीच. सुरुवातीला तो ताल रचण्याचा खेळणेवजा प्रोग्रॅम होता, २००३ मध्ये त्याचे नाव एफएल स्टुडिओ झाले. महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मिरवणुकांसाठी रिमिक्स करणाऱ्या डीजेंच्या पिढीने हाच उचलला. त्यांना गळा भरायचा नव्हता, इंटरफेसही लागत नव्हता. ढोल, हलगी, संबळाचे तुकडे आणि माऊस पुरेसे होते. संगीत महाविद्यालयांच्या आणि स्टुडिओंच्या पूर्ण बाहेर वाढलेल्या या कारागिरीचा इतिहास कोणीतरी नीट लिहायला हवा.

घरच्या इंटरफेसचा आजचा साचा २०११ मध्ये फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ ने पक्का केला. दोन माइक किंवा वाद्ये आत, दोन स्पीकर बाहेर, एक हेडफोन. फोकसराइट ही कंपनी मुळात रूपर्ट नीव्ह यांनी १९८५ मध्ये मोठ्या स्टुडिओंच्या मिक्सरसाठी काढलेली. ती या लाल पेटीने घरोघर पोचली. अशा पेटीवर ‘४८ व्होल्ट’ असे लिहिलेले बटण असते. कंडेन्सर माइकला वीज लागते, ती या बटणाने माइकच्याच वायरीतून जाते. ४८ च का, याचे उत्तर नॉर्वेत आहे. १९६६ मध्ये नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी माइक बनवले, तेव्हा तिथल्या स्टुडिओंत अंधाऱ्या हिवाळ्यातल्या आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच फिरवलेली होती. तीच माइकला दिली आणि पुढे तेच प्रमाण ठरले. त्याच पेटीवरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण ही उशिरावरची सगळ्यांत सरळ युक्ती. गायकाचा आवाज संगणकात जातोच, पण त्याची एक फांदी पेटीतूनच हेडफोनकडे वळवली जाते, संगणकाची वाट न बघता. ॲम्पेक्सने लिहिणाऱ्या हेडवरून जुने ऐकवले, त्याच जातीची ही तोड. मात्र त्या आवाजात प्रतिध्वनी हवा असेल तर तो पुन्हा संगणकातूनच यावा लागतो, आणि म्हणून बफरची कटकट पूर्ण संपली नाही.

इथवर आल्यावर यंत्रांची निवड पहिल्यासारखी निर्णायक उरली नाही. मुंबईच्या कुर्ल्यात राहणाऱ्या नावेद शेखने, म्हणजे रॅपर नेझीने, २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर भरले आणि त्याचे चित्रीकरणही आयपॅडवरच केले. पाच वर्षांनी आलेल्या ‘गली बॉय’ चित्रपटामागे त्याचीही प्रेरणा होती. २०१९ मध्ये बिली आयलिशचा पहिला अल्बम लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागातल्या घरात, भाऊ फिनीयसच्या छोट्या शयनगृहात तयार झाला. लॉजिक, एक चांगला इंटरफेस, नॉयमनचा टीएलएम १०३ माइक आणि यामाहाचे लहान स्पीकर. पुढच्या जानेवारीत बिलीने ग्रॅमीचे सगळे मुख्य पुरस्कार नेले. एकाकडे हातातली पाटी, दुसरीकडे हजार डॉलरच्या घरातला माइक, आणि दोघांचेही गाणे कानाशी येऊन बोलल्यासारखे लागते. दोघांचे बळ त्या जवळिकीतच आहे.

आपल्याकडच्या घरांत अडचण वेगळ्या जागी असते. इमारतीतली दहा बाय बाराची खोली, फरशी, रंगवलेल्या भिंती, वर पंखा, खिडकीखाली रिक्षा. हजारो रुपयांचा कंडेन्सर माइक हे सगळे इमानदारीने उचलतो, आणि गायकाचा गळा त्यात बुडतो. अशा खोलीत एसएम५७ किंवा ५८ सारखा डायनॅमिक माइक, पंखा बंद, मागे गाद्या किंवा कपड्यांचे उघडे कपाट, एवढ्यावर पहिले चांगले रेकॉर्डिंग होते. दोन ट्रॅकचा इंटरफेस घेणाऱ्याने तबल्याचा विचार आधीच करावा. दाया आणि बाया यांना दोन माइक दिले की गायकाला एकही उरत नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत हे धडे हजारो गायक-वादकांनी एकदम घेतले. स्टुडिओ बंद, चित्रपटगीतांची, जिंगल्सची कामे अडलेली, आणि प्रत्येकाने आपापल्या घरून भरून पाठवलेले ट्रॅक दुसऱ्याच घरी मिक्स होऊ लागले.

ड्रायव्हरचे मात्र अजून पुरते मिटलेले नाही. यूएसबीवरच्या आवाजाची नवी, वेगवान पद्धत मॅकने २०१० मध्ये स्वतःहून ओळखायला सुरुवात केली. विंडोजला त्यासाठी २०१७ उजाडले, आणि तेव्हाही एएसआयओ बाहेरच राहिले. एएसआयओ द्यायचे तर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीला विंडोजसाठी आपला ड्रायव्हर लिहावा लागत आला आहे. ती कंपनी बंद पडली किंवा तिने जुन्या मॉडेलकडे पाठ फिरवली की चांगली चालती पेटीही विंडोज बदलताच भंगारात जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एएसआयओ ड्रायव्हर विंडोजच्या आतच देण्याची योजना जाहीर केली. क्वालकॉम आणि यामाहा या कामात सोबत होत्या, आणि ड्रायव्हर लिहिण्याची जबाबदारी यामाहाकडे होती. २००५ पासून स्टाइनबर्ग यामाहाच्याच मालकीची आहे.